घरगुती मत्स्यालयासाठी लहान आफ्रिकन सिक्लिड : पाणी पाहून जातीची निवड

बाजरीची जमीन वेगळी आणि भाताची जमीन वेगळी, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. परंतु हाच शेतकरी मुलांच्या हौसेखातर तालुक्याच्या गावातून काचेची टाकी आणतो, दुकानात रंग पाहून चार-सहा मासे निवडतो, घरच्या विहिरीचे पाणी ओततो आणि आठ दिवसांत मासे उलटे पडले की ‘आपल्या पाण्याला मासे मानवत नाहीत’ असे म्हणून टाकी माळ्यावर टाकतो. खरे पाहता पाणी वाईट नसते. त्या पाण्याला न मानवणारी जात निवडलेली असते. दुकानात सर्रास मिळणारे बरेचसे शोभिवंत मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातील आहेत. आपल्याकडील काळ्या दगडातील विहिरींचे पाणी कठीण आणि विम्लधर्मी. अशा पाण्यात जन्मतःच रमणारे मासे आफ्रिकेतील मोठ्या सरोवरांत आहेत, आणि त्यांतील काही इतके लहान आहेत की दोन फुटांच्या टाकीत त्यांचे अख्खे कुटुंब सुखाने नांदते. या लेखात त्यांच्या निवडीविषयी माहिती दिली आहे. हा जोडधंद्याचा लेख नव्हे, घरच्या हौसेचा आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे.

चिलापीचे भाऊबंद

सिक्लिड हे नाव नवखे वाटले तरी हे कूळ आपल्या परिचयाचे आहे. उजनीच्या जलाशयातून बाजारात येणारी चिलापी म्हणजेच तिलापिया हा मूळचा आफ्रिकन सिक्लिड. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. गोव्याच्या खाडीतील काळुंदर हाही सिक्लिडच, मात्र तो आपला स्वतःचा. या कुळातील माशांचे वैशिष्ट्य म्हणजे अंडी व पिलांची राखण. बहुतेक मासे अंडी सोडून निघून जातात. सिक्लिड अंड्यांजवळ थांबतात, पिले सांभाळतात, आणि तिलापियाची मादी तर अंडी तोंडात धरून उबवते. घरातील टाकीत पाहण्यासारखे असते ते हेच. केवळ रंगासाठी मासे हवे असतील तर सिक्लिडच्या नादी लागू नये. रंगीत मासे याहून सोपे आणि स्वस्त मिळतात.

आफ्रिकेत सिक्लिडसाठी प्रसिद्ध अशी तीन सरोवरे आहेत : टांगानिका, मलावी आणि व्हिक्टोरिया. यांपैकी टांगानिका हे सुमारे ६७० कि.मी. लांब आणि जवळजवळ १,४७० मीटर खोल असून टांझानिया, कांगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांच्या सीमा त्याला भिडतात. खोलीच्या बाबतीत रशियातील बैकल सरोवरानंतर त्याचाच क्रमांक लागतो. या एका सरोवरात सिक्लिडच्या अडीचशेच्या आसपास जाती असून त्यांपैकी जवळजवळ सर्व जगात इतरत्र कोठेही आढळत नाहीत. लहान टाकीसाठी ज्या जातींची शिफारस करावयाची आहे त्या मुख्यतः याच सरोवरातील आहेत. पश्चिम आफ्रिकेतील नद्यांमधील एक-दोन जातींचा विचार कोकणातील वाचकांसाठी पुढे केला आहे.

आधी पाण्याचा अहवाल, मग मासा

ठिबक सिंचनासाठी किंवा द्राक्षबागेसाठी बहुतेक बागायतदार पाण्याचे पृथक्करण करून घेतातच. तोच अहवाल येथे उपयोगी पडतो. टांगानिका सरोवराच्या पाण्याचा सामू ८.६ ते ९.२ च्या दरम्यान असून विद्युत वाहकता सुमारे ०.६५ डेसी सायमन प्रति मीटर आहे. म्हणजे सिंचनाच्या प्रतवारीत ते मध्यम क्षारतेचे पाणी ठरेल. त्यात मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर, कॅल्शियम त्यामानाने कमी. आपल्याला पिकासाठी असे पाणी मिळाले तर आपण जिप्समचा हिशोब मांडू. त्या माशांचे मात्र लक्षावधी वर्षे त्यावरच पोषण झाले आहे. मलावी सरोवराच्या पाण्याचा सामू ७.७ ते ८.६ आणि वाहकता त्याच्या निम्म्याहूनही कमी.

आता आपला अहवाल समोर धरावा. सामू ७.५ ते ८.५ आणि वाहकता ०.४ ते १.२ असेल तर टांगानिकाचे लहान सिक्लिड निर्धास्त आणावेत. सरोवराइतका ९ सामू मिळविण्याची धडपड करण्याचे कारण नाही, कारण आज बाजारात येणारे बहुतेक मासे टाकीत जन्मलेले असतात आणि ८ च्या आसपासच्या सामूत चांगले वाढतात. पाण्याचा सामू स्थिर असणे हे तो नेमका अमुक असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. वाहकता २ च्या पुढे असेल, विशेषतः कालव्याच्या क्षारपड पट्ट्यातील विहिरींचे सोडियम व क्लोराईडयुक्त पाणी असेल, तर ते तसेच वापरू नये. अशा ठिकाणी साठविलेले पावसाचे पाणी किंवा आर.ओ. यंत्राचे शुद्ध पाणी निम्मे-निम्मे मिसळून पुन्हा वाहकता तपासावी. निव्वळ आर.ओ.चे पाणी या माशांना चालत नाही.

दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली, बोअरच्या ताज्या पाण्यात कर्बवायू विरघळलेला असतो व प्राणवायू अगदी कमी असतो. त्यामुळे ताज्या पाण्याचा सामू कमी भरतो आणि हवा लागल्यावर वाढतो. असे पाणी एक दिवस बादलीत हवेच्या पंपाने ढवळून मगच सामू पाहावा आणि मगच टाकीत घ्यावे. दुसरी गोष्ट नायट्रेटची. ऊस किंवा भाजीपाल्याच्या रानातील विहिरीत वर्षानुवर्षे झिरपलेले नत्र असते. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे नायट्रेटची मर्यादा ४५ मि.ग्रॅ. प्रति लीटर आहे. विहिरीतच ती ओलांडलेली असेल तर पाणी बदलून टाकीतील नायट्रेट कमी होणार कसे? अशा घरांनी आधी स्वतःच्या पिण्याच्या पाण्याचा विचार करावा, मासे नंतर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते उघड्या बादलीत हवेच्या पंपासह चोवीस तास ठेवावे.

‘लहान’ म्हणजे किती

दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकीत काठोकाठ सत्तर लीटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचावन्न ते साठ लीटर उरते. वाळू व काचेसह या टाकीचे वजन ऐंशी किलोच्या पुढे जाते, म्हणून ती लोखंडी घोडीवर किंवा पक्क्या ओट्यावर ठेवावी. टीव्हीच्या कपाटावर नव्हे. या लेखातील शिफारस याच मापाच्या टाकीसाठी आहे. गोल काचेच्या भांड्यात यांपैकी एकही मासा ठेवू नये.

या मापात काय बसत नाही ते आधी पाहू. मलावी सरोवरातील निळे-पिवळे ‘म्बुना’ मासे दुकानात दोन इंचांचे असतात आणि किमतीलाही परवडतात. पण ते चार-पाच इंचांचे होतात, आणि नरांची भांडणे इतकी तीव्र असतात की ती विभागली जावीत म्हणून मोठ्या टाकीत पंधरा-वीस मासे एकत्र ठेवावे लागतात. मेलॅनोक्रोमिस ऑरॅटस ही पिवळ्यावर काळ्या पट्ट्यांची देखणी जात त्यात सर्वांत भांडखोर. साठ लीटरच्या टाकीत शेवटी एकच मासा शिल्लक राहतो. पिवळाधमक लॅबिडोक्रोमिस सेरुलियस त्यामानाने सौम्य असला तरी त्यालाही किमान साडेतीन फुटांची टाकी हवी. टांगानिकाचा फ्रंटोसा एक फुटापर्यंत वाढतो. निओलॅम्प्रोलोगस ब्रिचार्डी हा लांब शेपटीचा मासा मात्र मोहात पाडणारा आहे : त्याची मोठी पिले धाकट्या भावंडांची राखण करतात. परंतु एकदा जोडी जमली की ती टाकीतील इतर प्रत्येक माशाला कोपऱ्यात दाबते. त्याला पूर्ण टाकी द्यावयाची तयारी असेल तरच आणावा.

पहिली पसंती : शंखात राहणारा मल्टी

माझ्या मते साठ लीटरच्या टाकीसाठी निओलॅम्प्रोलोगस मल्टीफॅसिएटस या माशाला तोड नाही. हौशी लोक त्याला ‘मल्टी’ म्हणतात. नर साधारण साडेचार सें.मी., मादी तीन सें.मी.च्या आसपास, जगातील सर्वांत लहान सिक्लिडांत त्याची गणना होते. करड्या अंगावर बारीक उभ्या पट्ट्या, डोळ्यांत निळसर झाक. रंगाने तो कोणाला खेचून घेणार नाही, हे मान्य करावे लागेल.

टांगानिकाच्या तळाशी काही ठिकाणी निओथॉमा नावाच्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखांचे मोठमोठे थर पसरलेले आहेत. तेथील पाणी विम्लधर्मी व चुन्याने संपृक्त असल्यामुळे शंख विरघळत नाहीत, साचत जातात. उघड्या वाळूवर लपायला दुसरी जागा नाही. म्हणून काही सिक्लिडांनी शंखालाच घर केले. मल्टीची प्रत्येक मादी स्वतःचा शंख धरून असते, आतच अंडी घालते आणि पिले आतच वाढवते. पिले शंखाच्या तोंडाशी दिसू लागली की तीही त्याच वसाहतीत राहतात. मासा तोंडाने वाळू उचलून शंखाभोवतीचा खड्डा खणतो, शंख हवा तसा फिरवतो, शेजाऱ्याच्या दारात वाळू टाकतो. बांधावरून चाललेली भाऊबंदकी पाहायची असेल तर मल्टीची वसाहत महिनाभर पाहावी! मात्र या भांडणात जीव जात नाही, आणि पळून जायला प्रत्येकाला स्वतःचे दार असते. म्हणूनच ही जात लहान टाकीत एवढी यशस्वी होते.

आणताना दोन-तीन सें.मी.ची सहा ते आठ पिले एकाच वेळी आणावीत. या वयात नर-मादी ओळखता येत नाहीत. गट घेतल्यास दोन्ही मिळण्याची शक्यता भरपूर असते आणि पुढे ते आपापली वाटणी करून घेतात. प्रत्येक माशामागे तीन या हिशोबाने वीस-पंचवीस शंख द्यावेत. निओथॉमाचे शंख आपल्याकडे मिळणे कठीण, पण त्यावाचून अडत नाही. भातखाचरांत, तळ्यांच्या काठी, विशेषतः भंडारा-गोंदियाकडे व कोकणात उन्हाळ्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले सापडतात. मल्टीसाठी दोन ते अडीच सें.मी. तोंडाचे, म्हणजे लहान आकाराचे शंख निवडावेत. आत जिवंत किंवा मेलेला प्राणी नाही याची खात्री करावी, शंख वीस मिनिटे उकळावेत, जोरात झटकून धुवावेत आणि दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात बुडवून वास येतो का ते पाहावे. वास आला तर टाकून द्यावेत. नुकतीच फवारणी झालेल्या खाचरातील शंख घेऊ नयेत. समुद्री शंख शोभेसाठी आणण्याचीही गरज नाही. त्यांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत.

तळाला पाच सें.मी. जाडीचा बारीक वाळूचा थर हवा. या मापाच्या टाकीला तेरा-चौदा किलो वाळू लागते. बांधकामाची जाड वाळू माशाच्या तोंडात मावत नाही, म्हणून ती चाळून एक मि.मी.च्या आतली घ्यावी आणि धुतल्यावर गढूळपणा येणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावी. वाळूवर लिंबाचा रस टाकून फेस आला तर तीत चुनखडी आहे असे समजावे. एरवी मत्स्यालयाच्या पुस्तकांत अशी वाळू टाकून द्या असे सांगतात. आपल्या माशांना ती फायद्याची आहे.

इतर योग्य जाती

शंखात राहणारा दुसरा मासा म्हणजे लॅम्प्रोलोगस ऑसेलेटस. पाच-सहा सें.मी.चा, मोठ्या डोळ्यांचा आणि आकाराच्या मानाने फारच धीट. टाकी साफ करताना माणसाच्या बोटालाही तो चावा घेतो. तो आपला शंख वाळूत पूर्ण पुरतो, फक्त तोंड उघडे ठेवतो. त्याची वसाहत होत नाही. साठ लीटरमध्ये एक नर व एक किंवा दोन माद्या पुरे; शंख टाकीच्या दोन टोकांना ठेवावेत. दोन नर एकत्र ठेवू नयेत. निओलॅम्प्रोलोगस ब्रेव्हिस हा याच मापाचा, पण स्वभावाने मऊ असून नर-मादी एकाच शंखात राहतात. जागा अगदीच कमी असेल तर त्याची एक जोडी चालेल. या दोघांसाठी शंखाचे तोंड तीन-चार सें.मी. असावे.

ज्यांना शंखांपेक्षा दगडांची रचना आवडते त्यांनी ज्युलिडोक्रोमिस ट्रान्सक्रिप्टस घ्यावा. सात सें.मी.पर्यंत वाढणारा, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा हा लांबट मासा दगडांच्या फटीत राहतो आणि गुहेच्या छताला अंडी चिकटवतो. आपला काळा दगड यासाठी उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. दगड वाळूवर न ठेवता थेट टाकीच्या तळावर थर्माकोलचा पातळ तुकडा देऊन रचावेत, कारण मासे खालून उकरतात आणि दगड काचेवर कोसळतो. पाच-सहा पिले घेऊन जोडी जमू द्यावी व जमल्यावर बाकीचे दुसरीकडे द्यावेत. एकदा लावलेले दगड हलवू नयेत. साफसफाईत घर विस्कटले तर जमलेली जोडी मोडते आणि एक मासा दुसऱ्याला मारतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

कोकणातील वाचकांचे पाणी निराळे. जांभ्या खडकातील विहिरींचे पाणी मऊ, सामू ७ च्या खाली-वर. तेथे पश्चिम आफ्रिकेतील, नायजेरिया-कॅमेरूनच्या ओढ्यांतला पेल्व्हिकाक्रोमिस पल्चर, म्हणजे दुकानदारांचा ‘क्रिबेन्सिस’, हाच योग्य. नर दहा सें.मी.पर्यंत, मादी त्याहून लहान, पण पोटावर जांभळट-लाल रंग मादीलाच अधिक. एक जोडी, एक उलटी ठेवलेली अर्धी नारळाची करवंटी आणि थोड्या पाणवनस्पती एवढ्यावर ती संसार थाटते. एक गोष्ट कुतूहलाची : या माशात पिलांचे लिंग पाण्याच्या सामूवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. आम्लधर्मी पाण्यात नर अधिक निघतात, सामू वाढला की माद्या. सिएरा लिओन-लायबेरियाकडील अनोमॅलोक्रोमिस थॉमसी हा आणखी लहान व शांत, पण तो क्वचित मिळतो.

मऊ पाण्यात मल्टीच ठेवायचा हट्ट असेल तर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून गाळणीजवळ ठेवावा. तेवढ्याने भागले नाही तर खाण्याचा सोडा वापरता येतो : पन्नास लीटर पाण्यात ४ ग्रॅम सोड्याने अल्कता साधारण १ मिली इक्विव्हॅलंट प्रति लीटरने वाढते. मॅग्नेशियमसाठी थोडे मॅग्नेशियम सल्फेट चालते, मात्र औषध दुकानातील शुद्ध. खताच्या पोत्यातील नको. हे सर्व बादलीतील नव्या पाण्यात मिसळून, सामू पाहून मग टाकीत घालावे. टाकीत थेट पुडी ओतू नये.

एका टाकीत एकच जात ठेवावी. आंतरपिकाचा मोह येथे आवरावा. तीन फुटांच्या टाकीत एका टोकाला शंख व दुसऱ्या टोकाला दगड रचून मल्टी आणि ज्युलिडोक्रोमिस एकत्र ठेवता येतात. दोन फुटांत नाही.

खरेदी करताना

बियाणे घेताना आपण जात आणि शुद्धता पाहतो, तसेच येथेही. दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या पिलांत निरनिराळ्या जातींचे संकर असतात. त्यांचा आकार, स्वभाव काहीच सांगता येत नाही. सारीच्या सारी पिले कमी वयात भडक रंगाची दिसली तर खाद्यातून संप्रेरके दिल्याचा संशय घ्यावा. हा रंग टिकत नाही आणि असे मासे पुढे वंशवाढीस निरुपयोगी ठरू शकतात. ज्याच्या घरी पिले झाली आहेत अशा हौशी माणसाकडून घेणे सर्वांत चांगले. त्याच्या पाण्याचा सामू विचारून घ्यावा. पोट खपाटीला गेलेले, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारे किंवा कोपऱ्यात जोरजोराने श्वास घेणारे मासे ज्या टाकीत असतील, त्या टाकीतील धडधाकट दिसणारा मासाही घेऊ नये.

टाकी मुरू द्यावी

पहिल्या पंधरवड्यात होणारी मर रोगाने नव्हे तर अमोनियाने होते, आणि आपल्या पाण्यात हा धोका अधिक आहे. कारण शेतकऱ्याला चटकन समजण्यासारखे आहे. चुनखडीच्या जमिनीवर युरिया वरच्यावर फेकला तर नत्र अमोनिया होऊन उडून जाते. आम्लधर्मी जमिनीत तितके जात नाही. पाण्यातही तेच. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणारे नत्र कमी सामूला अमोनियम या निरुपद्रवी रूपात राहते. २५ अंश सें. तापमानाला सामू ७ असताना त्यातील जेमतेम अर्धा टक्का विषारी अमोनिया असतो. सामू ८ ला पाच टक्के आणि ९ ला एकतृतीयांशाहून अधिक. म्हणजे जे खाद्य मऊ पाण्यात पचून गेले असते तेच येथे माशाच्या कल्ल्यांना भाजून काढते.

यावर उपाय जमिनीतलाच, तो म्हणजे नायट्रीकरण. अमोनियाचे नायट्राईट व नायट्राईटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजच्या गाळणीत व वाळूत वस्ती करतात. त्यास चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. या काळात टाकीत मासे न ठेवता रोज चिमूटभर खाद्य टाकावे व हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी अखंड चालू ठेवावी. एखाद्याच्या जुन्या निरोगी टाकीतील स्पंज पिळून त्याचे गढूळ पाणी विरजणासारखे घातले तर काम लवकर होते. अमोनिया व नायट्राईट तपासण्याचा थेंबांचा संच दुकानात मिळतो. दोन्ही शून्य आणि नायट्रेट वाढलेले दिसले की टाकी मुरली. नंतर स्पंज कधीही नळाखाली धुवू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी परसातील झाडांना घालावे, त्यात थोडे नत्र असते.

घरातील विषे

शेतकऱ्याच्या घरी एक धोका शहरातल्यापेक्षा अधिक आहे आणि मत्स्यालयाच्या पुस्तकांत तो सहसा आढळत नाही. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांसारखी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी आहेत. हवेचा पंप खोलीतील हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. फवारणीचा पंप व औषधांच्या बाटल्या ज्या खोलीत असतात तेथे टाकी ठेवली तर काय होणार हे उघड आहे. एका बागायतदाराच्या घरी दर फवारणीनंतर एक-दोन मासे मरत असत. पाणी, खाद्य सर्व तपासून झाले. शेवटी असे दिसून आले की फवारणीहून परतल्यावर माणूस हातपाय धुण्याआधी माशांना खाद्य घालीत असे. टाकीसाठी बादली, मग, नळी स्वतंत्र ठेवावी व त्यावर खूण करावी. डास मारण्याच्या वड्या, द्रवाची यंत्रे यांतही याच गटातील औषधे असतात; त्या खोलीत ती लावू नयेत. गावात धूर फवारणी आली तर पंप तेवढा वेळ बंद करून टाकीवर ओले कापड टाकावे.

खाद्य आणि हवामान

हे मासे मुळात पाण्यातील सूक्ष्म जीव टिपून खाणारे आहेत. बारीक दाणेदार खाद्य दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. आठवड्यातून दोनदा आर्टेमिया किंवा डाफ्निया दिल्यास पिले धरण्याचे प्रमाण वाढते. पोळीचा चुरा, भात, डाळीचे पीठ देऊ नये. आठवड्यातून एक दिवस उपवास मानवतो.

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश असावे. निफाडसारख्या ठिकाणी थंडीत साठ लीटरला पन्नास ते शंभर वॅटचा स्वयंचलित हीटर लागेल. विदर्भ-मराठवाड्यात खरी अडचण उन्हाळ्याची. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि अमोनियाचे विषारी प्रमाणही वाढते. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावी, एप्रिल-मे महिन्यांत काचेच्या झाकणाऐवजी जाळी घालावी, पृष्ठभागावर पंख्याचा वारा लागेल असे करावे आणि खाद्य निम्म्यावर आणावे. विजेच्या भारनियमनासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घ्यावा. तो महाग नाही आणि नसल्यास रात्रभरात टाकी रिकामी होऊ शकते.

पिले वाढल्यावर

मल्टीची वसाहत वर्ष-दीड वर्षात दुपटी-चौपटीने वाढते आणि मग प्रश्न येतो, जास्तीच्या माशांचे काय करावे? विहिरीत, शेततळ्यात किंवा ओढ्यात सोडावे असे कोणालाही सहज वाटते. ते कदापि करू नये. शेततळे पावसाळ्यात सांडते आणि ओढ्यातून नदीला मिळते. चिलापीने आपल्या जलाशयांत किती जागा व्यापली हे भोई बांधव जाणतात. मत्स्यालयातून सुटलेला सकर मासाही राज्यातील काही जलाशयांत जाळी फाडतो आहे. आफ्रिकेचाच दाखला घ्यायचा तर व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा मोठा मासा सोडला गेला, १९८० च्या दशकात त्याची बेसुमार वाढ झाली आणि त्या सरोवरातल्या लहान सिक्लिडांच्या शेकडो जाती नाहीशा झाल्या किंवा अगदी विरळ झाल्या. त्या जाती दुसरीकडे कोठेही नव्हत्या.

जास्तीची पिले ओळखीच्या हौशी माणसाला, शाळेच्या टाकीला किंवा दुकानदाराला बदल्यात द्यावीत. देताना दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग हवा ठेवावी, आदल्या दिवशी खाद्य बंद करावे. पकडण्यासाठी जाळे घेऊन टाकीभर धावू नये. मासा शंखात शिरला की तोंडावर बोट ठेवून शंखासकटच उचलावा आणि पिशवीत पाण्याखाली शंखाचे तोंड खाली करून हळूहळू हलवावा, तो आपोआप बाहेर पडतो. पिशवीवर पाण्याचा सामू व वाहकता लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे घेणाऱ्याला आपले पाणी त्याप्रमाणे आधी तयार ठेवता येते.